त्रिकोणात न मावणारा नियम

माध्यमिक शाळेतून बाहेर पडलेल्या मुलाला ओहमचा नियम विचारला, तर तो बहुधा एक त्रिकोण काढून दाखवतो. शिरोभागी विजेचा दाब, पायथ्याशी एका बाजूस प्रवाह आणि दुसऱ्या बाजूस रोध. जे काढायचे असेल त्यावर बोट ठेवावे, उरलेली दोन अक्षरे शेजारी शेजारी दिसली तर त्यांचा गुणाकार करावा, एकाखाली एक दिसली तर भागाकार करावा, उत्तरापुढे एकक लिहावे आणि पुढच्या प्रश्नाकडे वळावे. शिकवणी वर्गांनी प्रचारात आणलेली ही युक्ती इतकी बिनबोभाट चालते की, ती वापरणाऱ्याला विजेविषयी काही ठाऊक असण्याची गरजच उरत नाही. पण याच मुलाला एकही आकडा न देता असे विचारून पाहावे की, एक बॅटरी, एक दिवा आणि एक सरकता रोधक अशी एकसर जोडणी केली असता रोधकाची कळ सरकवून त्याचा रोध वाढवला, तर दिव्यावरच्या दाबाचे काय होईल आणि रोधकावरच्या दाबाचे काय होईल? उत्तर बहुतेक असे येते की, दाब हा बॅटरीचा आहे, तो कसा बदलणार? एखादा अधिक विचारी मुलगा सांगतो की, दिवा रोधकाच्या अलीकडे असेल तर त्याला काहीच होणार नाही, पलीकडे असेल तर तो मंद होईल. ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत, आणि ती देणाऱ्या मुलाला याच धड्यात पैकीच्या पैकी गुण मिळालेले असण्याचा पुष्कळ संभव आहे.

हा दोष मुलांचा नव्हे, आणि तो केवळ आपल्याकडचाही नव्हे. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात लिलियन मॅकडरमॉट आणि पीटर शॅफर या दोघांनी विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे तीन साधी विद्युतमंडले ठेवली आणि त्यांतले पाच एकसारखे दिवे तेजाच्या क्रमाने लावायला सांगितले. 1992 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार शेकडा सुमारे पंधरा जणांनाच हा क्रम बरोबर लावता आला. गणित ज्यांना उत्तम येत होते तेही येथे अडले; कारण बॅटरी ही नेहमी तेवढाच प्रवाह बाहेर टाकते, तो वाटेत दिव्यांमध्ये खर्ची पडतो आणि मंडलात एका जागी केलेला फेरफार फक्त तिच्या पुढच्या भागालाच जाणवतो, या तीन समजुती त्यांच्या मनात सूत्राच्या खाली तशाच शाबूत होत्या. त्याच्या आधी, 1983 साली, इस्राएलमधील संशोधकांनीही असेच दाखवून दिले होते की, विद्यार्थी प्रवाहाला आधी स्थान देतात आणि दाबाला त्याचा अनुचर समजतात, वास्तवात मात्र कारण आणि कार्य यांचा क्रम उलटा आहे.

या समजुतींचे मूळ शोधायला गेले तर ते नियमाच्या अर्धवट रूपात सापडते, आणि म्हणून त्याचे पूर्ण रूप मुळात कसे होते हे पाहणे उपयोगाचे आहे. गेओर्ग सिमॉन ओहम हा एर्लांगेन गावच्या कुलूप करणाऱ्या कारागिराचा मुलगा. जन्म 1789 चा. कोलोन येथील शाळेत गणित आणि पदार्थविज्ञान शिकवीत असताना तेथल्या प्रयोगशाळेत त्याने तारांवर प्रयोग आरंभिले. प्रथम त्याने त्या काळी उपलब्ध असलेले रासायनिक विद्युतघट वापरले. पण त्यांचा जोर मिनिटामिनिटाला ढळत असल्यामुळे 1825 साली त्याने जे सूत्र प्रसिद्ध केले ते चुकीचे निघाले. तेव्हा पोगेनडॉर्फ या संपादकाने त्याला सल्ला दिला की, घट सोडून द्या आणि झेबेकने चार वर्षांपूर्वी दाखवलेली उष्णतेची वीज वापरा. ओहमने बिस्मथ आणि तांबे यांचा सांधा करून त्याचे एक टोक उकळत्या पाण्यात आणि दुसरे बर्फात ठेवले. पाणी उकळते आहे आणि बर्फ वितळते आहे तोवर तापमानातला फरक ढळत नाही, आणि म्हणून विजेचा जोरही ढळत नाही. मग त्याने 2 इंचांपासून 130 इंचांपर्यंत लांबीच्या तांब्याच्या आठ तारा एकामागून एक जोडल्या आणि चुंबकसूचीला जो पीळ बसतो त्यावरून प्रवाह मोजला.

येथे वाचकाने क्षणभर थांबून त्रिकोणाला काम द्यावे. सर्वांत आखूड तारेपेक्षा सर्वांत लांब तार 65 पट लांब, म्हणजे तिचा रोधही 65 पट. तेव्हा त्रिकोणाच्या हिशेबाने प्रवाह 65 पटींनी घटायला हवा. ओहमच्या मापनात आखूड तारेवर आकडा आला सुमारे 327 आणि लांब तारेवर 48 च्या किंचित वर, म्हणजे घट पावणेसात पटींहूनही थोडी कमी! मापन चोख होते आणि नियमही खरा होता; कारण ओहमने 1826 साली लिहिलेल्या सूत्रात छेदस्थानी दोन पदे होती, एक बाहेरून जोडलेल्या तारेच्या लांबीचे आणि दुसरे उरलेल्या सबंध मंडलाच्या रोधाचे, जे त्याच्या उपकरणात सव्वावीस इंच तारेइतके भरले. 2 मध्ये सव्वावीस मिळवले तर सव्वाबावीस होतात आणि 130 मध्ये मिळवले तर सव्वादीडशे. या दोन आकड्यांचे प्रमाण पावणेसात येते. म्हणजे ज्या माणसाच्या नावाने आपण एका तुकड्याचा नियम शिकवतो, त्याने स्वतः सबंध मंडलाचा नियम शोधला होता. त्याच्या ग्रंथाचे 1827 साली जर्मनीत थंडे स्वागत झाले, पुढच्याच वर्षी त्याने कोलोनची नोकरी सोडली, 1841 साली लंडनच्या रॉयल सोसायटीने कोप्ली पदक दिले तेव्हा कोठे स्वदेशात त्याची कदर होऊ लागली, आणि म्यूनिकच्या विद्यापीठात प्राध्यापकाचे पूर्ण पद मिळाले ते मृत्यूच्या दोनच वर्षे अगोदर.

शाळेत आपण छेदस्थानचे दुसरे पद शून्य धरतो. सोयीसाठी तसे धरायला माझी हरकत नाही. हरकत आहे ती इतकीच की, त्याच्याबरोबर मंडल ही एकसंध वस्तू आहे हा विचारही आपण शून्य धरून टाकतो. तो विचार किती सोपा आहे हे पाहण्यासाठी 12 व्होल्टची एक बॅटरी घेऊ, तिचा स्वतःचा रोध नगण्य मानू, आणि तिला 4 ओहमचा एक कायम रोध आणि 0 ते 20 ओहमपर्यंत सरकवता येणारा एक रोधक एकसर जोडू. सरकती कळ शून्यावर असताना प्रवाह 3 अँपिअर असतो आणि सगळेच्या सगळे 12 व्होल्ट कायम रोधाच्या वाट्याला येतात. कळ 2 ओहमवर आणली की प्रवाह 2 अँपिअर होतो. कायम रोधाकडे 8 व्होल्ट उरतात आणि सरकत्या रोधकाकडे 4 जातात. 8 ओहमवर नेली की प्रवाह 1 अँपिअर, आणि दाबाची वाटणी 4 व 8 अशी उलटते. शेवटच्या टोकाला, 20 ओहमवर, प्रवाह अर्ध्या अँपिअरवर येतो आणि 12 पैकी 10 व्होल्ट रोधकाने बळकावलेले असतात. वडिलार्जित जमिनीच्या वाटणीत एका भावाचा हिस्सा वाढला म्हणजे दुसऱ्याच्या सातबाऱ्यावरचे क्षेत्र, त्याने बांधाला हातही न लावता, कमी होते, तसाच हा प्रकार आहे. 4 ओहमच्या त्या बिचाऱ्या कायम रोधाला कोणी स्पर्शही केलेला नाही, तो अलीकडे आहे की पलीकडे याने काही फरक पडत नाही, आणि तरी त्याचा दाबही गेला आणि प्रवाहही गेला.

या आकड्यांत आणखी दोन गोष्टी दडलेल्या आहेत, ज्यांकडे पाठ्यपुस्तकातली उदाहरणे क्वचितच लक्ष वेधतात. पहिली अशी की, कळीचे सरकणे आणि प्रवाहाचे घटणे यांचा वेग सारखा नसतो. पहिल्या 2 ओहमांत एक अँपिअर जातो, दुसरा अँपिअर जायला आणखी 6 ओहम लागतात आणि पुढचा अर्धा जायला तब्बल 12; म्हणून ज्याने रोधक हाताळला आहे त्याला ठाऊक असते की, सुरुवातीच्या इंचभर अंतरात काटा झपाट्याने पडतो आणि शेवटी कळ कितीही ओढली तरी तो जेमतेम हलतो. दुसरी गोष्ट त्याहून नवलाची आहे. रोधकात निर्माण होणारी उष्णता मोजली तर ती 2 ओहमवर 8 वॅट भरते आणि 8 ओहमवरही 8 वॅटच भरते. मधे 4 ओहमवर, म्हणजे जेथे दोन्ही रोध समसमान होतात तेथे, ती 9 वॅटच्या शिखराला पोहोचते आणि 20 ओहमवर पुन्हा 5 वॅटपर्यंत उतरते. रोध वाढवावा तर उष्णता आधी वाढते आणि मग कमी होते! त्रिकोणावर बोट ठेवून हे कोणाला कळणार आहे? बोट ठेवणाऱ्याने एक राशी कायम आहे असे गृहीत धरलेले असते, आणि येथे तर दाब, प्रवाह आणि रोध या तिन्ही राशी एकाच वेळी बदलत आहेत. कायम आहेत ती फक्त बॅटरी आणि तो 4 ओहमचा रोध.

प्रयोगशाळेच्या कपाटात हा सरकता रोधक, ज्याला सर्वजण रिओस्टॅट म्हणतात, चिनी मातीच्या नळीवर गुंडाळलेल्या तारेच्या रूपाने पडून असतो. चार्ल्स व्हीटस्टन याने 1843 साली रॉयल सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधात असे उपकरण वर्णिले, तेव्हापासून त्याची घडण बदलली असली तरी तत्त्व तेच आहे. त्याला तीन अग्रे असतात, दोन खाली तारेच्या टोकांशी आणि एक वर सरकत्या दांड्याशी. खालची दोन्ही अग्रे जोडली तर कळ कितीही फिरवली तरी काही होत नाही. खालचे एक आणि वरचे एक जोडले तर प्रवाहाचे नियमन होते. आणि खालच्या दोन्ही अग्रांना बॅटरी जोडून वरचे एक आणि खालचे एक यांच्यामधून दाब घेतला तर तो अगदी शून्यापासून पूर्ण मापापर्यंत हवा तसा घेता येतो. जुन्या रेडिओचा आवाज लहानमोठा करणारी खुंटी याच तिसऱ्या रीतीने चाले. ही तीन जोडण्यांची गंमत मुलाने स्वतः एकदा केली, एकदा चुकीची जोडणी करून कळ व्यर्थ फिरवली, की जे समजते ते फळ्यावरच्या तासाभराच्या विवेचनाने समजत नाही. परंतु पुष्कळ शाळांत प्रात्यक्षिक म्हणजे प्रयोगवहीत आधीच ठरलेले आकडे उतरवण्याचा शिरस्ता झाला आहे, आणि प्रात्यक्षिकाचे गुण ही परीक्षेआधीच खात्यावर जमा होणारी रक्कम समजली जाते.

याचा परिणाम शाळेच्या आवारात थांबत असता तर वर्तमानपत्राच्या वाचकांना तसदी देण्याचे कारण नव्हते. घरातल्या पंख्याच्या नियामकाविषयी, म्हणजे रेग्युलेटरविषयी, दोन मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो की पंखा हळू केला की तितकीच वीज वाचते. दुसरा म्हणतो की जुन्या, तापणाऱ्या पेटीच्या रेग्युलेटरने काडीचीही वीज वाचत नाही, जी पंख्यात जात नाही ती सगळी पेटीत जळते. वरच्या आकड्यांवरून दोन्ही पक्षांचा निवाडा करता येतो. रोधक नसताना बॅटरीतून 36 वॅट निघत होते. रोधक 2 ओहमवर असता 24 निघतात, त्यांतले 16 उपयोगी पडतात आणि 8 वाया जातात. अर्थात वीज वाचली, पण वाटली त्याहून कमी, आणि तिसरा हिस्सा पेटीने खाल्ला. पंख्याची मोटार हा काही निव्वळ रोध नव्हे, त्यामुळे हे आकडे तिला जसेच्या तसे लागू होत नाहीत, तरी निवाड्याची दिशा तीच राहते. आजचे इलेक्ट्रॉनिक नियामक विद्युल्लहरीचा काही भाग छाटून किंवा कपॅसिटर मधे घालून काम करतात आणि फारसे तापत नाहीत; त्यामुळे पेटी तापत असल्याची जी एक साक्ष घराघरात होती तीही आता उरली नाही.

मुंबईकरांच्या आयुष्यात तर बदलत्या रोधाचे कार्य नव्वद वर्षे दररोज घडत होते. 3 फेब्रुवारी 1925 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसपासून कुर्ल्यापर्यंत विजेची पहिली गाडी धावली ती 1500 व्होल्टच्या एकदिश विजेवर. स्थिर उभ्या गाडीच्या मोटारीचा स्वतःचा रोध अगदी अल्प असतो. मोटार फिरू लागली की तिच्यात उलट दिशेचा दाब उत्पन्न होतो आणि तो प्रवाहाला आवर घालतो, पण आरंभी तो आवर नसतो. अशा स्थितीत 1500 व्होल्टचा दाब एकदम सोडला तर मोटार जळून जाईल. म्हणून आरंभी मोटारी एकसर जोडून त्यांच्यापुढे लोखंडी रोधकांच्या जाळ्या घालत आणि गाडीने वेग घेतला की त्या टप्प्याटप्प्याने, एकेका नॉचसरशी, वगळून टाकीत; मग मोटारींची जोडणी एकसरीतून समांतर केली जाई आणि पुन्हा जाळ्या घालून पुन्हा वगळल्या जात. प्रत्येक स्थानकातून गाडी सुटताना बसणारे ते हलके हिसके म्हणजे ओहमच्या छेदस्थानचे पद पायरीपायरीने कमी होत असल्याची वर्दीच होती. या व्यवहारात बरीच वीज उष्णतेच्या रूपाने हवेत जाई, आणि स्थानके जवळजवळ असलेल्या उपनगरी मार्गावर ती पुन्हा पुन्हा जाई. घाटातली मालगाडी ओढणारे, खेकडा या नावाने ओळखले जाणारे इंजिन मात्र उतारावर मोटारींचीच जनित्रे करून वीज तारेत परत पाठवी. त्यांतले एक मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रात आजही पाहता येते. 2016 साली हार्बर मार्गावरची 1500 व्होल्टची वीज बंद झाली आणि मुंबईतल्या सर्व उपनगरी मार्गांवर 25,000 व्होल्टची प्रत्यावर्ती वीज आली. नव्या गाड्या रोधकांच्या जाळ्यांवाचून सुरू होतात आणि थांबताना वीज परत करतात. रोधकाने काम साधते, पण त्याची किंमत उष्णतेत मोजावी लागते, हे रेल्वेच्या अभियंत्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होते.

पण या अज्ञानाची खरी किंमत मोजतो तो शेतकरी. पंपाचे बटण दाबले की मोटार घुमते, चढत नाही, तापते, आणि तास दोन तासांत जळते. वायरमनला बोलावले तर तो व्होल्टेज नाही म्हणून सांगतो, आणि कार्यालयात गेले तर डीपीवर, म्हणजे रोहित्रावर, भार जादा असल्याचे ऐकायला मिळते. दोघेही खरे बोलतात, पण दोघांची वाक्ये एकमेकांशी कशी जोडली आहेत हे कोणी सांगत नाही. रोहित्रापासून शेवटच्या विहिरीपर्यंत गेलेली लघुदाबाची तार हाच येथला एकसर रोध होय, ओहमच्या सूत्रातले ते विसरलेले पद. तारेत जितका प्रवाह जास्त, तितका तिच्यावर खर्च होणारा दाब जास्त. म्हणून रोहित्राजवळ 230 व्होल्ट असले तरी शेवटच्या मोटारीपाशी ते बरेच खाली आलेले असतात. 1956 सालच्या वीज नियमांनी लघुदाबाच्या पुरवठ्यात शेकडा सहाच्या आत फरक मान्य केला होता, म्हणजे 230 चे फार तर 216 व्हावेत; पंपाच्या हंगामात शेवटच्या खांबावर हा नियम किती पाळला जातो, हे ज्याच्या शेतात खांब आहे त्याला विचारावे.

येथे एक पुढची गुंतागुंत आहे, आणि ती न सांगितली तर दिशाभूल होईल. दिव्याचा दाब घटला की त्याचा प्रवाह घटतो. पंपाच्या मोटारीचे तसे नसते. तिला पाणी तेवढेच उपसायचे असते, आणि दाब घटला की तिचा जोर दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, ती मंदावते आणि ते काम निभावण्यासाठी अधिक प्रवाह ओढते. अधिक प्रवाह म्हणजे तारेत दाबाची आणखी गळती, आणि आणखी गळती म्हणजे आणखी प्रवाह. शेतीला वीज ठरावीक तासांच्या पाळीने मिळते. पाळी सुरू झाली की ऑटोस्विच लावलेले सगळे पंप एकाच क्षणी सुरू होतात, आणि सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह घेते. त्या क्षणी तारेवर काय गुदरते याचा अंदाज नववीच्या सूत्राने करता येतो. वितरण कंपनी ऑटोस्विच काढा आणि कपॅसिटर बसवा असे आवाहन करीत असते, ते रास्तच आहे. पण ज्याला मंडल एकसंध आहे हे कोणी शिकवलेच नाही, त्याला शेजाऱ्याच्या ऑटोस्विचचा आणि आपल्या जळालेल्या मोटारीचा संबंध दिसावा तरी कसा? तो शेजाऱ्यापेक्षा मोठी मोटार आणतो किंवा तारेवर आकडा टाकणाऱ्याला दोष देतो, आणि दोष देण्यात तो चुकत नाही, कारण आकडा म्हणजे त्याच तारेवरचा आणखी एक अघोषित भागीदारच असतो.

उच्चदाब वितरण प्रणालीची जी योजना 2018 पासून महाराष्ट्रात राबवली गेली तिचे तत्त्वही यातच आहे. लांब लघुदाबाच्या तारेऐवजी 11,000 व्होल्टची तार शेतापर्यंत नेऊन तेथे एकदोन पंपांपुरते लहान रोहित्र उभारायचे. तीच शक्ती 400 व्होल्टऐवजी 11,000 व्होल्टने वाहून नेली तर प्रवाह साडेसत्तावीस पट कमी होतो, आणि तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे त्याच जाडीच्या तारेत ती सातशेहून अधिक पटींनी कमी होते. एडिसनने न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर 4 सप्टेंबर 1882 रोजी वीजपुरवठा सुरू केला तोही याच हिशेबावर. इतर संशोधक जेव्हा काही ओहम रोधाचे दिवे करीत होते, तेव्हा त्याने मुद्दाम शंभराच्या वर रोध असलेला दिवा घडवला, ते दिवे समांतर जोडले, प्रत्येकाचा प्रवाह अल्प ठेवला, आणि म्हणून रस्त्याखालच्या तांब्याचा खर्च त्याला परवडला. जाणकारांच्या एका वर्गाला घरोघर वीज वाटणे अशक्य वाटत होते. एडिसनने दिवा, तार आणि जनित्र यांचा हिशेब एका कागदावर मांडला, एवढाच त्यांच्यात आणि त्याच्यात फरक.

या सर्व विवेचनावर असा आक्षेप येईल की, नववीच्या मुलाच्या माथी एवढे ओझे कशाला. त्याला धाराविद्युत नावाचा एक धडा आहे, त्यात ओहमचा नियम, एकसर आणि समांतर जोडणी इतके आहे, तेवढे पुरे. मी ओझे वाढवा असे म्हणतच नाही. त्या धड्यात जे आहे तेच पुरेसे आहे. फक्त ते ज्या क्रमाने आणि ज्या कसोटीने शिकवले जाते ते बदलावे. आधी सरकता रोधक, एक दिवा, एक अँमीटर आणि दोन व्होल्टमीटर मुलाच्या हाती द्यावे. त्याने कळ सरकवावी आणि तिन्ही काटे एकाच वेळी हलताना पाहावेत, एक व्होल्टमीटर चढतो, दुसरा उतरतो आणि दोहोंची बेरीज ढळत नाही हे स्वतः नोंदवावे. आणि मग सूत्र यावे, त्या पाहिलेल्या गोष्टीचे संक्षिप्त लेखन म्हणून. दिव्याची तार तापली की तिचा रोध वाढतो आणि आकडे सूत्रापासून ढळतात, हेही त्याला दिसेल, आणि शिक्षकाला त्याबद्दल दोन वाक्ये बोलावी लागतील. त्यात वाईट काही नाही. साधनांचा खर्च फार नाही, ती बहुतेक शाळांच्या कपाटांत आहेत. कपाटाची किल्ली कोणाकडे आहे याची चौकशी करावी लागेल इतकेच.

शिक्षकांना मी दोष देत नाही. शिक्षक परीक्षेत जे विचारले जाते ते शिकवतो, आणि त्याच्यावर पालकांचा, संस्थेचा आणि निकालाच्या टक्केवारीचा जो भार असतो तो पाहता त्याने वेगळे करावे अशी अपेक्षा करणे अन्यायाचे ठरेल. म्हणून माझा अर्ज शाळांकडे नसून महाराष्ट्र राज्य शिक्षण मंडळाकडे आहे. विज्ञानाच्या प्रश्नपत्रिकेत दरवर्षी एक प्रश्न असा असावा की, ज्यात आकृती आहे पण आकडा एकही नाही: बॅटरी, दिवा आणि सरकता रोधक एकसर जोडले आहेत, दिव्यावर एक आणि रोधकावर एक व्होल्टमीटर आहे, कळ उजवीकडे सरकवून रोध वाढवला, कोणता काटा चढेल, कोणता उतरेल, प्रवाहाचे काय होईल, दिवा रोधकाच्या दुसऱ्या बाजूस नेला तर उत्तर बदलेल काय, आणि का? या प्रश्नाला चार गुण ठेवावेत, त्यांतले दोन केवळ शेवटच्या का या शब्दासाठी, आणि पहिल्या वर्षी निकाल कितीही खाली आला तरी मंडळाने दुसऱ्या वर्षी तो प्रश्न मागे घेऊ नये.